कॅमेरा पारखून घेताना

व्यापारी घरात माल पारखण्याचे शिक्षण लहानपणापासूनच मिळते. कापडाचा पोत चाचपल्याशिवाय आणि धान्य तळहातावर घेऊन पाहिल्याशिवाय सौदा पुरा होत नाही. मात्र कॅमेऱ्याच्या दुकानात शिरल्यावर हीच चोखंदळ नजर खोक्यावर छापलेल्या सर्वांत मोठ्या आकड्यावर खिळते. लग्नसराईच्या किंवा सहलीच्या तोंडावर घाईने घेतलेला महागडा कॅमेरा दोन समारंभांत मिरवतो, मग कपाटात जाऊन बसतो आणि घरातले फोटो पुन्हा मोबाइलवरच निघू लागतात. पडून राहिलेला माल म्हणजे अडकलेले भांडवल, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून कॅमेरा घेण्यापूर्वी तो कोणाच्या हाती जाणार आणि कोणत्या कामी येणार, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी घरीच ठरवावीत.

आकड्यांची भूल

१९७५ साली कोडॅक कंपनीतील अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याचे वजन साडेतीन किलोंहून अधिक होते आणि त्याचे चित्र अवघ्या १०,००० बिंदूंचे असे. आज साध्या मोबाइलच्या चित्रातही एक कोटीहून अधिक बिंदू असतात. दहा लाख बिंदूंचा एक मेगापिक्सल होतो. इंचाला ३०० बिंदू या उत्तम छपाईच्या मापाने ४ बाय ६ इंची फोटोला सुमारे २ मेगापिक्सल पुरतात, ए-४ आकाराच्या कागदाला सुमारे ९ आणि भिंतीवरच्या १२ बाय १८ इंची तसबिरीला सुमारे १९. म्हणजे २० ते २४ मेगापिक्सलच्या पुढे मोजलेला पैसा सामान्य घराच्या क्वचितच उपयोगी पडतो.

चित्राचा खरा कस ठरतो तो प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरच्या आकारावर. पावसात वाटी आणि परात शेजारी ठेवली, तर परातीत जास्त पाणी साठते. प्रकाशाचेही तसेच आहे. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. एपीएस-सी प्रकारचा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा. बाजारात ज्याला ‘एक इंची’ म्हणतात, तो प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरच भरतो, तर स्वस्त खिसा-कॅमेऱ्यातला सेन्सर नखाएवढाही नसतो. भर उन्हात हा फरक फारसा जाणवत नाही. सायंकाळच्या मंडपात किंवा दिव्यांच्या मंद उजेडात लहान सेन्सरचे चित्र मात्र दाणेदार व धूसर होते.

सेन्सरइतकेच महत्त्व भिंगाला आहे. भिंगावरील ‘एफ’ पुढचा आकडा जितका लहान, तितके त्याचे तोंड मोठे. कॅमेऱ्याबरोबर मिळणारे १८-५५ मिलिमीटरचे भिंग पुढे लांबवले की सहसा एफ ५.६ वर येते. त्याच्या तुलनेत एफ १.८ चे भिंग नऊपटींहून अधिक प्रकाश आत घेते. त्यामुळे महागड्या कॅमेऱ्याला साधे भिंग जोडण्यापेक्षा मध्यम कॅमेरा आणि एक चांगले भिंग ही जोडी बहुधा अधिक फळते.

पेढीसाठी

आज मालाचा नमुना गिऱ्हाइकाच्या हाती पडण्याआधी त्याचा फोटो पोहोचतो. फोटोत मरून दिसलेली साडी घरी गेल्यावर तांबडी निघाली, तर माल परत येतो आणि त्याबरोबर थोडी पतही जाते. मोबाइल अनेकदा रंग आपणहून खुलवतो. मुलांच्या फोटोत ते शोभते, मालाच्या फोटोत ती फसगत ठरते. म्हणून पेढीच्या कामासाठी ज्यात ‘व्हाइट बॅलन्स’ म्हणजे पांढऱ्या रंगाचा मेळ हाताने साधता येतो, असा कॅमेरा घ्यावा. एपीएस-सी सेन्सरचा साधा किंवा चांगल्या अवस्थेतला वापरलेला कॅमेराही येथे पुरतो. उरलेल्या पैशांत एक भक्कम तिवई आणि एकाच जातीचे दोन दिवे घ्यावेत. पिवळा बल्ब आणि खिडकीतला उजेड एकत्र आले की रंग बिघडतो. दागिन्यांसारख्या बारीक मालाला मात्र जवळचे टिपणारे मॅक्रो भिंग लागते.

घर आणि प्रवास

ज्या घरात वाढदिवस, सण आणि मुलांच्या खोड्या एवढेच टिपायचे आहे, तेथे चांगला मोबाइल पुरेसा आहे. निव्वळ हौसेसाठी वेगळा खर्च करण्याचे कारण नाही. वडीलधाऱ्यांसाठी कॅमेरा घ्यायचा असेल, तर मोठी बटणे, डोळ्याला लावून पाहण्याची खिडकी आणि स्वयंचलित पद्धत या तीन गोष्टी पाहाव्यात. यात्रेला किंवा परदेशी जाणाऱ्यांना एक इंची सेन्सरचा लहान कॅमेरा सोयीचा, कारण जो गळ्यात जड होत नाही तोच शेवटच्या दिवसापर्यंत बरोबर राहतो. दूरचे शिखर किंवा पक्षी टिपण्याची आवड असल्यास लांब झूमचा कॅमेरा घ्यावा, पण त्यातला सेन्सर बहुधा लहान असतो हे ध्यानात ठेवावे. डिजिटल झूम तर केवळ चित्र कापून मोठे करतो. मोजायचा तो ऑप्टिकल झूम. घरचे कार्यक्रम किंवा व्याख्याने चित्रित करायची असतील, तर बाहेरचा माइक जोडण्याची सोय आहे की नाही हे प्रथम पाहावे.

शिकणाऱ्यासाठी

घरातील मुलगा किंवा मुलगी छायाचित्रण मनापासून शिकू इच्छित असेल, तर भिंग बदलता येणारा कॅमेरा द्यावा. २००८ साली पॅनासॉनिकचा ल्यूमिक्स जी१ आल्यापासून आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांचा प्रसार वाढत गेला, आणि आता मोठ्या कंपन्यांची नवी भिंगे मुख्यतः त्यांच्यासाठीच निघतात. आरशाचे जुने डीएसएलआर त्यामुळे कमी किमतीत मिळतात आणि शिकायला ते आजही उत्तम आहेत. वापरलेला कॅमेरा घेताना शटर किती वेळा चालले आहे ते विचारावे व भिंग उजेडासमोर धरून आत बुरशीचे जाळे नाही ना, हे तपासावे. शिकणाऱ्याने आरंभी छिद्राचा आकार आपण ठरवून बाकीचे कॅमेऱ्यावर सोपवावे. हात बसला की शटरचा वेग आणि आयएसओ हेही आपल्या ताब्यात घ्यावेत. ५० मिलिमीटर एफ १.८ हे भिंग तुलनेने स्वस्त असून त्यावर माणसांचे चेहरे फार सुरेख येतात.

खरेदी आणि निगा

सारी रक्कम एकट्या कॅमेऱ्यावर खर्च करू नये. जादा बॅटरी, चांगले मेमरी कार्ड आणि पिशवी यांसाठी काही भाग आधीच राखून ठेवावा. कॅमेरा हातात धरून पाहावा. बोट बटणापर्यंत सहज पोहोचत नसेल, तर त्याचे बाकीचे गुण वाया जातात. पक्के बिल आणि भारतातील कंपनीची वॉरंटी यांविना मिळणारी सवलत पुढे महागात पडू शकते. कोकण-मुंबईच्या दमट पावसाळ्यात भिंगाला बुरशी लागते. त्यावेळी कॅमेरा चामड्याच्या पिशवीत कोंडून न ठेवता सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावा आणि अधूनमधून वापरावा.

फोटोंची निगा त्याहून मोलाची. हरवलेल्या कॅमेऱ्याच्या जागी दुसरा आणता येतो; आजोबा नातवाला मांडीवर घेऊन बसले आहेत, तो फोटो पुन्हा काढता येत नाही. आज कित्येक घरांत असे फोटो एकाच मोबाइलमध्ये असतात आणि मोबाइल पाण्यात पडला की त्याबरोबर जातात. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या फोटोच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या साधनांवर ठेवाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. दिवाळीत हिशेब मांडताना वर्षभरातील निवडक पन्नास फोटो छापून अल्बमात लावण्याची आणि प्रत्येकामागे नाव, गाव व तारीख लिहिण्याची प्रथा घरोघरी सुरू करता येईल. काही वर्षांनी त्या चेहऱ्यांची नावे सांगणारे कोणी घरात उरले नाही, तरी फोटोमागची एक ओळ नातवंडांना ती सांगेल.