जुनं पुस्तक, आजचे प्रश्न: वर्गात वर्षावन कसं शिकवाल?

वर्षावनात सहल नेणं बहुतेक शाळांना जमत नाही. तिथे आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचं ‘द मलय आर्किपेलागो’ (१८६९) कामी येतं.

बोर्निओत एका मजुराने वॉलेसना झाडावरून तरंगत खाली आलेला बेडूक आणून दिला. पुस्तकातलं त्याचं चित्र आधी दाखवा आणि विचारा: बोटांमध्ये एवढे मोठे पडदे कशासाठी? मुलांनी अंदाज बांधले की मगच वर्णन वाचा. आंबोलीतला मलबार ग्लायडिंग बेडूकही असाच तरंगतो.

मग ओरांगउटानबद्दलचा भाग वाचा. वॉलेसनी नमुन्यासाठी मादी मारली, तिचं पिल्लू सांभाळलं. तेही सुमारे तीन महिन्यांत दगावलं. आज ओरांगउटानच्या तिन्ही प्रजाती अतिसंकटग्रस्त आहेत. तेव्हाची अभ्यासाची ही पद्धत आज चालेल का, यावर मुलांना बोलू द्या.