परवान्यावरची मोटार आणि अथेन्सचे सुवर्णपदक

३ नोव्हेंबर १९५० च्या रात्री ब्युनोस आयर्समधील लुना पार्क ह्या क्रीडागृहात अर्जेंटिनाच्या पुरुष संघाने अमेरिकेचा ६४-५० असा पराभव करून बास्केटबॉलची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. सामना संपल्यावर प्रेक्षकांनी वर्तमानपत्रांच्या सुरळ्या पेटवल्या आणि त्या मशाली हाती धरून कोरिएन्तेस ह्या हमरस्त्याने मिरवणूक काढली. तो देश त्या रात्रीला अजून ‘मशालींची रात्र’ म्हणतो. अर्जेंटिना म्हणजे फुटबॉल, एवढेच समीकरण ज्यांच्या मनात पक्के आहे त्यांना हे वाचून नवल वाटेल. परंतु प्रस्तुत लेखकाला त्या विजयापेक्षा त्याच्या पारितोषिकात अधिक रस आहे.

राष्ट्राध्यक्ष हुआन पेरॉन ह्यांनी विजेत्या खेळाडूंना बोलावून त्यांचे कौतुक केले आणि त्यांना बक्षीस मिळाले ते पैशाचे नव्हे, मोटारीचेही नव्हे, तर परदेशातून एक मोटार आयात करण्याच्या परवान्याचे! ज्यांनी आपल्याकडील परवान्यांचा जमाना पाहिला आहे, स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिली आहे, त्यांना ह्या बक्षिसाचे मोल वेगळे समजावून सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्य आणि मांस विकून साठवलेली अर्जेंटिनाची परकीय गंगाजळी १९४९ च्या सुमारास आटत आली होती. आयातीवर कडक निर्बंध होते. अशा वेळी मोटारीची आंतरराष्ट्रीय किंमत आणि देशातील किंमत ह्यांत जी दरी पडते, ती दरी ज्याच्या हाती परवाना त्याच्या खिशात जाते. अर्थशास्त्राच्या वर्गात ही गोष्ट आकृती काढून शिकवावी लागते. त्या खेळाडूंना ती आकृतीवाचून कळली असणार.

१९५५ साली लष्कराने पेरॉन ह्यांची सत्ता उलथवली. नव्या राजवटीचा पेरॉनद्वेष इतका विकोपाला गेला की १९५६ मध्ये पेरॉन हे नाव उच्चारण्यालाही वटहुकमाने बंदी करण्यात आली. जुन्या राजवटीने ज्यांना ज्यांना गौरवले होते ते सारे संशयित ठरले. बास्केटबॉलपटूंची चौकशी झाली आणि मोटारीचा परवाना व अन्य लाभ घेतले, म्हणून हे खेळाडू हौशी नसून व्यावसायिक आहेत, असा निष्कर्ष काढण्यात आला. कर्णधार रिकार्दो गोंसालेस, स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ऑस्कर फुर्लाँग आणि त्यांचे सहकारी ह्यांच्यावर आजन्म बंदी आली. बंदी पुढे उठली खरी, पण तोवर त्यांचे खेळण्याचे वय निघून गेले होते. फुर्लाँग टेनिसकडे वळले आणि कालांतराने अर्जेंटिनाच्या डेव्हिस चषक संघाचे न खेळणारे कर्णधार झाले. सर्वांनाच दुसरा खेळ असा वश होत नाही.

ह्या प्रकरणातील विसंगती विलक्षण आहे. लुना पार्कमध्ये हरलेला अमेरिकेचा संघ हा डेन्व्हर शेव्हरोलेट्स ह्या नावाचा, मोटारी विकणाऱ्या पेढीने पुरस्कृत केलेला संघ होता. असे संघ तेव्हा अमेरिकेत सर्रास असत. खेळाडू कागदोपत्री कंपनीचा नोकर आणि मैदानावर हौशी. पूर्वेकडे सोव्हिएत खेळाडू कागदोपत्री सैनिक किंवा विद्यार्थी असे, आणि दिवसभर चेंडूच खेळे. मोटार विकणाऱ्याचा पगार घेणारा हौशी, आणि मोटारीचा परवाना घेणारा धंदेवाईक! ‘हौशी’ हा शब्द म्हणजे क्रीडाजगताने स्वतःशीच केलेली एक दीर्घ फसवणूक होती असे म्हणावेसे वाटते. ज्याच्या घरी खाऊनपिऊन बरे आहे तोच निव्वळ हौसेने खेळू शकतो. बाकीच्यांना कोणाचा ना कोणाचा हजेरीपट लागतो. आपल्याकडील रेल्वे, पोलीस आणि सेनादले ह्यांच्या संघांनी हा प्रश्न आपल्या परीने सोडवला. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. शेवटी एप्रिल १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने म्यूनिक येथे ५६ विरुद्ध १३ मतांनी व्यावसायिक खेळाडूंना दार उघडले आणि ह्या सोंगावर पडदा पडला.

बंदीची किंमत अर्जेंटिनाला किती मोजावी लागली? १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये हा संघ चौथा आला होता. त्यानंतर ऑलिंपिकच्या बास्केटबॉल मैदानावर तो पुन्हा दिसला तो थेट १९९६ साली, अटलांटामध्ये. ह्या मधल्या चव्वेचाळीस वर्षांचा सारा दोष बंदीच्या माथी मारणे योग्य होणार नाही. १९८० साली अर्जेंटिना मॉस्कोसाठी पात्र ठरला होता, पण त्याने बहिष्कारात सामील होणे पसंत केले. जाता जाता सांगायचे तर, त्याच बहिष्कारामुळे रिकाम्या झालेल्या जागांपैकी एक भारताला मिळाली आणि आपला पुरुष संघ ऑलिंपिकमध्ये खेळला. बारा संघांत तो बारावा आला. ऑलिंपिकमधील आपली बास्केटबॉलची कहाणी तेथे सुरू झाली आणि अद्याप तरी तेथेच संपली आहे.

अर्जेंटिनाची कहाणी मात्र पुढे सरकली, आणि ती पुढे नेणारा मनुष्य खेळाडू नव्हता. लेऑन नाजनुदेल हा प्रशिक्षक. देशातील बास्केटबॉल राजधानीभोवती एकवटलेले आहे, प्रांतांतील मुलांना वर्षभर चुरशीचे सामने मिळत नाहीत, मग राष्ट्रीय संघ घडणार कोठून, असा त्याचा साधा प्रश्न होता. स्पेनमध्ये त्याने व्यावसायिक साखळी स्पर्धा जवळून पाहिली होती. तशीच राष्ट्रीय साखळी आपल्या देशात असावी, संघ गावोगावचे असावेत, त्यांनी एकमेकांच्या गावी जाऊन खेळावे आणि जो जिंकेल तो वर चढावा, ही कल्पना त्याने वर्षानुवर्षे चिकाटीने मांडली. काही क्रीडापत्रकारांनी ती उचलून धरली. अखेर एप्रिल १९८५ मध्ये राष्ट्रीय साखळी सुरू झाली. त्या वेळी बाहिया ब्लांका ह्या बंदराच्या गावी मानू जिनोबिली नावाचा एक मुलगा आठ वर्षांचाही झाला नव्हता.

बाहिया ब्लांका हे गाव राजधानीपासून सहाशे किलोमीटरांहून अधिक दूर, दक्षिणेला आहे. तेथे गल्लोगल्ली बास्केटबॉलचे क्लब. क्लब म्हणजे आपल्याकडील जिमखाना नव्हे; आपल्याकडील व्यायामशाळा आणि सार्वजनिक मंडळ ह्यांच्या मधले काहीतरी. सभासदांची वर्गणी आणि पदरमोड करणारे चार-दोन लोक ह्यांवर ते चालतात. जिनोबिलीचे वडील अशाच एका क्लबचे पदाधिकारी होते. पेपे सांचेस आणि आलेहांद्रो मोंतेक्किया हेही ह्याच गावचे. फाब्रिसिओ ओबेर्तो कोर्दोबा प्रांतातील लास वारियास ह्या छोट्या गावचा. राजधानीबाहेरच्या अशा मुलांना घरच्या अंगणातून थेट राष्ट्रीय पातळीवर नेणारा जिना नाजनुदेलच्या साखळीने बांधून दिला. तो स्वतः १९९८ मध्ये वारला. त्याने लावलेल्या झाडाची फळे त्याला पाहता आली नाहीत.

त्यानंतरचा टप्पा अर्थशास्त्रज्ञाला विचारात पाडणारा आहे. १९९१ साली अर्जेंटिनाने कायदा करून एक पेसो बरोबर एक डॉलर असा विनिमयदर बांधून टाकला. महागाई आटोक्यात आली, परंतु निर्यात महागली, कर्ज वाढत गेले. डिसेंबर २००१ मध्ये बँकांतील ठेवी गोठवण्यात आल्या, लोक भांडी वाजवीत रस्त्यावर उतरले, राष्ट्राध्यक्ष दे ला रुआ राजीनामा देऊन हेलिकॉप्टरने निघून गेले, आणि पंधरा दिवसांच्या आत देशाने पाच राष्ट्राध्यक्ष पाहिले. सुमारे ९५ अब्ज डॉलरांचे सरकारी कर्ज थकले. २००२ च्या मध्यापर्यंत पेसोची किंमत एक-तृतीयांशाहूनही खाली घसरली, दर पाच कामकऱ्यांमागे एकाहून अधिक बेकार झाला, निम्म्याहून अधिक जनता दारिद्र्यरेषेखाली गेली.

आणि त्याच वर्षी, ४ सप्टेंबर २००२ रोजी, इंडियानापोलिस येथील जागतिक स्पर्धेत अर्जेंटिनाने यजमान अमेरिकेला ८७-८० असे हरवले. १९९२ पासून एनबीएच्या खेळाडूंचा अमेरिकन संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एकदाही हरला नव्हता. ५८ सामन्यांची ती मालिका तेथे खंडित झाली. अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाने जादा वेळेत ८४-७७ अशी बाजी मारली. जिनोबिलीचा घोटा दुखावलेला होता, आणि शेवटच्या क्षणी पंचांनी न दिलेल्या एका फाउलबद्दल अर्जेंटिनाचे लोक अजून हळहळतात. दोन वर्षांनी अथेन्सला त्यांनी उपांत्य सामन्यात अमेरिकेला पुन्हा हरवले, ८९-८१. एकट्या जिनोबिलीचे २९ गुण. २८ ऑगस्ट २००४ रोजी इटलीला ८४-६९ असे नमवून त्यांनी सुवर्णपदक घेतले. त्याच दिवशी त्यांच्या फुटबॉल संघानेही सुवर्णपदक मिळवले होते. १९५२ नंतर त्या देशाच्या वाट्याला आलेली ही पहिली ऑलिंपिक सुवर्णपदके.

संकटाच्या मुशीत वीर घडतात, असे मथळे त्या वेळी साहजिकच झळकले. वाचायला ते बरे वाटतात, पण प्रस्तुत लेखकाला ते मान्य नाहीत. पंचवीस वर्षांचा खेळाडू एका वर्षाच्या मंदीत घडत नाही. ही पिढी १९८५ च्या साखळीत घडली, आणि संकट आले तेव्हा तिच्यातील बहुतेक जण देशात नव्हतेच. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने बॉसमन खटल्यात असा निकाल दिला की, युरोपीय संघाच्या एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात परदेशी खेळाडू म्हणून अडवता येणार नाही. खटला फुटबॉलचा होता, परंतु त्याचा लाभ कोणाला व्हावा? ज्यांचे आजे-पणजे शंभर वर्षांपूर्वी पोटासाठी इटलीहून आणि स्पेनहून ब्युनोस आयर्सच्या धक्क्यावर उतरले होते, त्यांच्या नातवंडा-पणतवंडांना! वंशाच्या आधारावर इटलीचे वा स्पेनचे पारपत्र मिळाले की अर्जेंटिनाचा खेळाडू युरोपच्या बाजारात ‘स्वदेशी’ ठरे. जिनोबिली १९९८ मध्ये इटलीतील रेज्जो कालाब्रियाला गेला, तेथून बोलोन्याला. २००१ मध्ये त्याने युरोपचे क्लब अजिंक्यपद मिळवले आणि २००२ मध्ये तो सॅन अँटोनिओला पोहोचला. लुईस स्कोला आणि आंद्रेस नोसिओनी स्पेनमधील विटोरियाला खेळत. म्हणजे देशात पेसो कोसळला तेव्हा ह्या खेळाडूंचे पगार लिरा, युरो आणि डॉलरमध्ये जमा होत होते. अथेन्सच्या अंतिम सामन्यात समोर उभी ठाकली ती इटली. आजोबांच्या मायभूमीला नातवंडांनी हरवले, आणि हरवण्याची विद्या तिच्याच मैदानांवर पक्की केली होती.

ह्यावरून बुद्धिमंतांचे स्थलांतर हे निखळ वरदान आहे असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाईचा ठरेल. आमच्या वर्गातील विद्यार्थी हा प्रश्न दरवर्षी विचारतात: आपले अभियंते आणि डॉक्टर परदेशी गेले तर नुकसान कोणाचे? अर्जेंटिनाच्या खेळाडूंच्या बाबतीत दोन गोष्टी जुळून आल्या होत्या. एक, ते पुरेसे घडल्यावर, वीस-एकवीस वर्षांचे झाल्यावर गेले. दोन, राष्ट्रीय संघाची हाक आली की ते दर उन्हाळ्यात परत येत. डॉक्टर असा परत येत नाही. त्याच्यासाठी कोणी जागतिक स्पर्धा भरवीत नाही.

पहिली अट आता ढिली होत चालली आहे. तेथील हुशार पोर पंधरा-सोळाव्या वर्षीच स्पेनच्या कुमार संघात दाखल होऊ लागले आहे, आणि घसरत्या पेसोत वर्गणी गोळा करणारा गावचा क्लब त्याला थोपवू शकत नाही. राष्ट्रीय महासंघाचा कारभारही काही काळ असा विस्कटला की २०१४ साली स्कोलाच्या पुढाकाराने खेळाडूंना हिशेबाचा जाब जाहीरपणे विचारावा लागला. तरीही २०१९ मध्ये चीनमध्ये झालेल्या विश्वचषकात एक अखेरची झळाळी दिसली. अथेन्सच्या संघातील एकटाच उरलेला स्कोला, वय ३९, संघाला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. सर्बियाला ९७-८७, फ्रान्सला ८०-६६ असे हरवून तेथे पोहोचलेला हा संघ स्पेनकडून ७५-९५ असा हरला.

त्यानंतर उतरण लागली. फेब्रुवारी २०२३ मध्ये मार देल प्लाता येथे, घरच्या प्रेक्षकांसमोर डोमिनिकन प्रजासत्ताकाकडून हार पत्करून अर्जेंटिना त्या वर्षीच्या विश्वचषकाला मुकला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा घरच्याच मैदानावर बहामासारख्या चिमुकल्या देशाने त्याची २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकची वाट अडवली. घडवण्याचा खर्च करणारा क्लब एकीकडे आणि घडलेल्या कौशल्याचा मोबदला घेणारा क्लब दुसरीकडे, ही विषमता भरून काढायची तर कोणाच्या तिजोरीतून, हा प्रश्न तेथे सुटलेला नाही. पेपे सांचेसने बाहिया ब्लांकालाच परत येऊन स्वतःचा क्लब काढला आणि मुलांसाठी प्रशिक्षणकेंद्र उभारले. गावच्या क्लबांना पूर्वी वर्गणीदार पोसत. आता हे काम त्यांतूनच वर आलेला आणि परदेशी पैसा मिळवलेला एक माणूस आपल्या परीने करू पाहतो आहे.