चेहरा तेलकट का होतो?

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला, बायका उठल्या, पण एक ताई मागे थांबल्या. म्हणाल्या, "पोरगी अकरावीला आहे. चेहरा सारखा तेलकट, त्यावर पुटकुळ्या. दिवसातून सहा वेळा साबण लावते, तरी तेच. आता म्हणते, कॉलेजलाच जात नाही." म्हणून आज हाच विषय घेतला.

आपल्या कातडीत केसांच्या मुळाशी बारीक तेलग्रंथी असतात. त्यांचं तेल कातडी मऊ ठेवतं. तळहात-तळपायांना या ग्रंथी नसतात; कपाळ, नाक, हनुवटीवर खूप असतात. म्हणजे हे तेल रोगही नाही आणि घाणही नाही.

मग एकीचा चेहरा कोरडा, दुसरीचा तेलकट, असं का? पहिलं कारण आनुवंशिकता. आई-वडिलांची कातडी तेलकट असेल, तर मुलांची तशी असू शकते. दुसरं, शरीरातली संप्रेरकं म्हणजे हार्मोन्स. वयात येताना ती वाढतात आणि ग्रंथी जास्त तेल सोडतात. पाळीच्या आधीही काहींना हे जाणवतं. वय वाढलं की तेल कमी होतं. तिसरं कारण हवा. आपल्या कोपरगावच्या एप्रिल-मेच्या उन्हात घाम आणि तेल एक झालं की चेहरा जास्तच चकाकतो.

हे तेल आणि मेलेली कातडी मिळून छिद्र बुजलं, की पुटकुळी येते. नाकावरचे काळे ठिपके म्हणजे मळ नव्हे. बुजलेल्या छिद्राचं तोंड हवा लागून काळं पडतं. घासून ते जात नाही. ग्रंथींना हुकूम आतून येतो, त्यामुळे साबणाने त्या थांबत नाहीत. कातडी मात्र कोरडी पडते, चुरचुरते.

सौम्य साबणाने दिवसातून दोनदा चेहरा धुवा. शेतातून आल्यावर साध्या पाण्याने धुतला तरी चालेल. केसांचं तेल कपाळावर उतरू देऊ नका. पुटकुळ्या फोडू नका, डाग राहतात. लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट चेहऱ्याला लावू नका.

आता महत्त्वाचं. त्या मुलीने मैत्रिणीच्या सांगण्यावरून दुकानातून एक ट्यूब आणली होती. आठ दिवस चेहरा उजळला, मग लाल झाला, पुटकुळ्या दुप्पट झाल्या. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. असं मलम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय चेहऱ्याला लावू नये. त्याने कातडी पातळ होते. बरेच दिवस लावत असाल, तर बंद कसं करायचं तेही डॉक्टरांनाच विचारा, कारण एकदम सोडल्यावर त्रास उसळू शकतो.

आणखी एक. तेलकट चेहऱ्याबरोबर पाळी दोन-दोन महिने येत नसेल, हनुवटीवर जाड केस येत असतील, वजन वाढत असेल, तर ते पीसीओएस असू शकतं. "लग्न झालं की होईल नीट" म्हणून थांबू नका. आशाताईंशी बोला, ग्रामीण रुग्णालयात दाखवा.

त्या मुलीवर आता डॉक्टरांचे उपचार चालू आहेत. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात, हे तिला सांगितलंय. कॉलेजला मात्र ती सोमवारपासूनच जायला लागली. तुमच्या घरात अशी पोर असेल, तर तिला "तोंड धू" म्हणण्याआधी जवळ बसवून हे सगळं सांगा.