लॅपटॉप अचानक बंद का पडतो?

आजचा विषय साधा आहे, पण पैसे खाणारा आहे. काम करता करता लॅपटॉप पटकन बंद पडतो. ना सूचना, ना काही. मग कुणी म्हणतं मदरबोर्ड गेला, कुणी म्हणतं व्हायरस आला. आणि आपण दोन-पाच हजार घालून मोकळे होतो.

आपल्या नेकनूरच्या बाजारात बैल घेताना आपण काय करतो? दात बघतो, चालवून बघतो, मग पैशाचं बोलतो. लॅपटॉपचंही तसंच करायचं. तो कधी बंद पडतो हे आधी बघायचं, खर्च नंतर.

आमच्या पाहण्यातलं एक उदाहरण सांगतो. खरीप पीकविम्याचे अर्ज भरायचे शेवटचे दिवस होते, जुलै संपत आलेला. एका सेवा केंद्रात सातबारा हातात घेऊन शेतकरी उभे, आणि लॅपटॉप दिवसातून तीन-चारदा बंद. अर्धा भरलेला अर्ज पुन्हा पहिल्यापासून. मदरबोर्ड बदलावा लागेल, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आम्ही म्हटलं, दोन दिवस फक्त वहीत लिहा: वेळ काय, चार्जिंग किती टक्के, काय काम चालू होतं, लाईट होती का. दोन दिवसांनी वही उघडली. प्रत्येक वेळी लाईट गेली होती! केंद्रात इन्व्हर्टर होता, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. दिवे तर चालूच राहायचे.

आता यातली गोम समजून घ्या. लाईट गेली की साध्या इन्व्हर्टरला भार उचलायला क्षणभर लागतो, पंखा जरासा मंदावतो. चांगल्या बॅटरीचा लॅपटॉप तेवढा क्षण सहज काढतो. बॅटरी मेलेली असेल तर तो तिथेच बंद. म्हणजे दोष मदरबोर्डचा नव्हताच. नवी बॅटरी बसवली आणि काम भागलं.

तर पहिला प्रश्न: चार्जर काढताच, किंवा बॅटरी ३०-४० टक्के दाखवत असतानाच बंद पडतो का? पडत असेल तर संशय बॅटरीवर. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी' ही आज्ञा, मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि तिला जोडूनच 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाइप करा. एक अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता असे दोन आकडे असतात. मूळ ४२,००० आणि आजची १८,००० असेल, तर निम्म्याहून जास्त बॅटरी संपलेली आहे. टचपॅड वर आला असेल किंवा झाकण नीट बसत नसेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. मग चार्जिंग तिथेच थांबवा. ती दाबायची नाही, टोचायची नाही, घरी उघडायची नाही. आग लागते, बरं का.

दुसरा प्रश्न: अर्धा-पाऊण तास जड काम केल्यावर, हात लावला तर चटका बसेल इतका तापून बंद पडतो का? मग उष्णता. बहुतेक कंपन्या लॅपटॉप वापरायला भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंत सांगतात. आणि आपल्या बीड जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास गेला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरीही निभलं नाही तर जळण्यापेक्षा बंद होतो. म्हणजे हे बंद पडणं म्हणजे त्याचं संरक्षण आहे. त्यात गोधडीवर ठेवून वापरला तर खालून हवा घ्यायची जाळीच झाकली जाते. पाटावर ठेवा, मागची बाजू जरा उचला. जाळीत धूळ आणि कापसाचे तंतू साचलेले असतात, ते साफ करा. मशीन बंद, चार्जर काढलेला, पंख्याचं पातं काडीने अडवून, हवा थोडी-थोडी मारायची. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर नको. त्याचा दाब जास्त, आणि हवेबरोबर पाणीही येतं.

तिसरा प्रश्न: चार्जरची पिन हलली की बंद पडतो का? किंवा चार्जर दुसऱ्याचा आहे का? चार्जरच्या पाठीवर वाचा. १९.५ व्होल्ट गुणिले ३.३४ अँपिअर म्हणजे ६५ वॅट. लॅपटॉपला ६५ लागत असतील आणि चार्जर ४५ चा असेल, तर हलक्या कामाला चालेल, जड कामाला दम सोडेल.

आता विंडोजची स्वतःची वही बघू. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टीम. तिथे ४१ क्रमांकाची नोंद दिसली की लोक घाबरतात. तिचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता बंद पडलं. कारण ती सांगत नाही. पण त्याच वेळेची १०७४ क्रमांकाची नोंद असेल, तर कुठल्या तरी प्रोग्रामने किंवा माणसानेच बंद करायला सांगितलंय, बहुधा अपडेटने. मग हार्डवेअरवर पैसे घालू नका. आणि निळा पडदा येऊन मशीन पुन्हा सुरू होत असेल तर तो आजार वेगळा: ड्रायव्हर, रॅम किंवा डिस्क. पडद्यावरच्या संदेशाचा मोबाईलने फोटो काढून ठेवा.

शेवटी दोनच गोष्टी. पहिली, लॅपटॉप असं करायला लागला की दुरुस्तीच्या आधी महत्त्वाच्या फाइली पेन ड्राइव्हवर घ्या. लिहिणं चालू असताना वीज तुटली तर फाइल खराब होऊ शकते. लॅपटॉप दुसरा मिळेल, मुलीचा प्रकल्प अहवाल मिळणार नाही. दुसरी, एका वेळी एकच गोष्ट बदला. बॅटरी, चार्जर, विंडोज सगळं एकदम बदललं तर काय बिघडलं होतं ते कळतच नाही, आणि बिल मात्र तिन्हींचं येतं.

दुकानात जाताना ती वही सोबत न्या. 'बंद पडतो' एवढंच सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला अंदाजाने उत्तर मिळतं. 'लाईट गेली की बंद पडतो' असं सांगणाऱ्याचं निम्मं काम तिथेच झालेलं असतं.