माणसे जोडणारा, माणसे तोडणारा मेंदू

व्याख्या
- एकटे असणे ही परिस्थिती. एकटेपणा ही भावना. भरल्या घरातही एकटेपणा जाणवू शकतो.
- स्वगट-परगट: 'आपले' आणि 'परके' अशी विभागणी. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताज्फेल यांचे १९७० चे प्रयोग: नाममात्र निकषावर गट पाडले, तरी माणसे आपल्याच गटाला झुकते माप देतात.

मेंदूत काय घडते?
- ॲमिग्डाला: धोक्याची चाहूल घेणारा भाग. अनोळखी चेहऱ्यांनाही प्रतिसाद देतो; परिचयाने हा प्रतिसाद ओसरू शकतो.
- ऑक्सिटोसिन: प्रसूती, स्तनपान व जिव्हाळ्याशी निगडित संप्रेरक. काही प्रयोगांत त्याचा परिणाम स्वगटापुरताच दिसला.

मराठवाड्यातील नोंदी: तोडणारे आणि जोडणारे प्रसंग
- १९७८: मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा (नामांतराचा) ठराव २७ जुलैला संमत. त्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले; नांदेड जिल्ह्यालाही झळ. नामविस्तार १४ जानेवारी १९९४.
- १९९३: किल्लारी भूकंप, ३० सप्टेंबर, पहाटे ३.५६. लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांतील ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन.
- नांदेड: तख्त सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वारा. लंगरमध्ये जात-धर्म न पाहता सर्वांना एका पंगतीत जेवण.

गटांमधील दरी कधी कमी होते?
मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या चार अटी:
- समान दर्जा
- समान ध्येय
- परस्पर सहकार्य
- संस्था व कायद्याचा पाठिंबा

एकटेपणामुळे मदत हवी असल्यास: 'टेली-मानस' ही मानसिक आरोग्य सेवा, दूरध्वनी १४४१६. सेवा मोफत, २४ तास, मराठीतूनही.