अख्ख्या गावाचा एक बंब

आपल्याकडे पूर्वी घरोघरी तांब्याचा बंब असे. डेन्मार्कच्या साम्सो बेटावर अख्ख्या गावाचा मिळून एक बंब असतो. गावाबाहेरच्या शेडमध्ये गव्हाच्या काडाचे मोठाले गठ्ठे रचलेले असतात. एकेक गठ्ठा सुटा होऊन भट्टीत जातो, बॉयलरमधलं पाणी तापतं आणि जमिनीखाली पुरलेल्या, वरून उष्णतारोधक वेष्टन असलेल्या नळांतून ते घरोघरी फिरतं. पाणी घरात वापरायला येत नाही, येते ती फक्त त्याची ऊब. घराच्या भिंतीवरच्या एका छोट्या यंत्रात नळातलं गरम पाणी घरातल्या पाण्याला उष्णता देतं, किती दिली ते मीटर मोजतो आणि निवलेलं पाणी पुन्हा भट्टीकडे परततं. काडाची राख शेतात जाते.

यंत्रणा एवढीच. अवघड भाग आहे तो गणिताचा. नळ जमिनीखाली असला तरी वाटेत थोडी उष्णता गमावतोच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची घरं जोडलेली असली तर ही गळती आणि खोदाईचा खर्च पुष्कळांत वाटला जातो. दहा घरांतली तीनच जोडली, तर तोच नळ, तीच खोदाई, पण भार तिघांवर. म्हणून अशा प्रकल्पात लोकांचा होकार आराखडा झाल्यावर मिळवायची गोष्ट नसते. किती घरं, कोणत्या गल्लीतली, हे कळल्याशिवाय बॉयलर केवढा आणि नळ कुठून न्यायचा हेच ठरत नाही. साम्सोवर त्यासाठी एक सरळ व्यवस्था केली होती. काम सुरू होण्याआधी नाव नोंदवलं तर जोडणी नाममात्र शुल्कात, मागाहून आलात तर खरा खर्च भरायचा. ज्याच्या घरातली तेलाची भट्टी आणखी दहा वर्षं चालली असती, त्यालाही त्यामुळे आजच विचार करावा लागला.

बेटाच्या अक्षय ऊर्जा प्रकल्पाची सुरुवात झाली 1997 साली. एखादा भाग दहा वर्षांत पूर्णपणे अक्षय ऊर्जेवर कसा जाईल याची स्पर्धा डेन्मार्क सरकारने लावली होती आणि साम्सो तीत जिंकलं. 114 चौरस किलोमीटरचं बेट, वस्ती चार हजारांच्या आसपास, बटाटा-भाजीपाल्याची शेती. अर्ज बेटाबाहेरच्या एका अभियंत्याने लिहिला होता, बक्षिसाची रक्कम काही नव्हती आणि बहुतेक बेटकऱ्यांना या विजयाचं फारसं अप्रूपही नव्हतं. त्याच सुमारास बेटावरचा कत्तलखाना बंद पडून लोकांचे रोजगार गेले होते. त्यांना हवामानबदलापेक्षा पोटाची चिंता जवळची होती, आणि ती रास्तच होती.

प्रकल्पाचं काम हाती घेतलं सोरेन हर्मान्सेन यांनी. ते बेटावरच्याच शेतकरी घरातले आणि शाळेत पर्यावरण शिकवणारे. गावागावांतल्या बैठकांना ते जात राहिले. ज्यांच्या शब्दाला गावात वजन आहे, त्यांच्याशी आधी बोलले. बोलण्याचा विषय पृथ्वी नसे. प्लंबरला नळजोडणीचं काम मिळेल का, काडाला भाव येईल का, तेलाचं बिल किती कमी होईल, हे प्रश्न असत. मला यात कुठेही लोकांना भुलवण्याचा प्रकार दिसत नाही. माणसाचा पहिला प्रश्न ऐकून घेतला गेला, एवढंच.

आज तिथे अशी चार उष्णताकेंद्रं आहेत. तीन काडावर चालतात. उत्तरेकडचं एक लाकडाच्या चिपांवर आणि सुमारे 2,500 चौरस मीटर सौरतावदानांवर चालतं. मालकी मात्र एकाच साच्यातली नाही. उदाहरणार्थ, बालेन-ब्रुंडबीचं केंद्र ऊब वापरणाऱ्या घरांच्याच मालकीचं आहे, तर दुसऱ्या एका ठिकाणी ते वीज कंपनीकडे आहे. जी वस्ती नळाच्या टप्प्यात येत नाही, तिथल्या घरांनी आपापल्या छपरावर सौरयंत्रणा बसवली किंवा लाकडावर चालणारे बॉयलर घेतले.

विजेची गोष्ट वेगळी. वाऱ्याला गल्ली लागत नाही, पण पवनचक्की सगळ्यांच्या नजरेत येते, म्हणून वाद तिच्यावर अधिक. जमिनीवर एकेक मेगावॅटच्या 11 पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या नऊ शेतकऱ्यांच्या खासगी मालकीच्या, दोन सहकारी. सहकारी पवनचक्कीचा भाग सामान्य कुटुंबाने घ्यायचा आणि वीज विकून आलेल्या पैशातून वाटा मिळवायचा. ही कल्पना महाराष्ट्रातल्या वाचकाला नवी वाटू नये. लोणीत 1950 साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो शेतकऱ्यांच्या भागांवरच. डेन्मार्कमध्येही ही सवय जुनी आहे, तिथली पहिली सहकारी दुग्धशाळा 1882 ची. पवनचक्की आली तेव्हा भाग घेणं म्हणजे काय, हे तिथल्या माणसाला कुणी समजावून द्यावं लागलं नाही.

एवढं होऊनही बेटावरच्या मोटारी, ट्रॅक्टर आणि मुख्य भूमीकडे जाणाऱ्या फेरीबोटी तेलावरच राहिल्या. त्यांची भरपाई म्हणून दक्षिणेला समुद्रात 2.3 मेगावॅटच्या दहा पवनचक्क्या उभारल्या, 2003 पासून त्या चालू आहेत. दहांपैकी पाच बेटाच्या नगरपालिकेच्या, बाकीच्यांत खासगी गुंतवणूकदार आणि छोटे भागधारक. इथे एक बारकावा ध्यानात ठेवायला हवा. साम्सो पूर्णपणे अक्षय ऊर्जेवर आहे असं म्हणतात, तो वर्षाचा हिशेब असतो. वारा पडला की मुख्य भूमीवरून तारेने वीज येते आणि सुटला की जास्तीची वीज उलट तिकडे जाते. तेलाच्या धुराची वजाबाकीही या निर्यातीतूनच होते. मोटारीच्या नळीतून धूर निघतोच.

तो धूरही थांबावा म्हणून बेटाने 2030 पर्यंत खनिज इंधनातून पूर्ण बाहेर पडायचं ठरवलं आहे. नगरपालिकेने स्वतःची फेरीबोटही घेतली, प्रिन्सेसे इसाबेला, 2015 पासून ती धावते. ती द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालते, म्हणजे अजून खनिज इंधनावरच.