आकाशाची उंची कानांनी

22 जुलै 2009 रोजी सकाळी 6 वाजून 24 मिनिटांच्या सुमारास काशीवर खग्रास सूर्यग्रहणाची सावली आली आणि जेमतेम तीन मिनिटे टिकली. दूधविनायक, ब्रह्माघाट, दुर्गाघाट ही काशीतली जुनी मराठी वस्ती. तिथून पायऱ्या उतरल्या की गंगा. त्या सकाळी घाटाघाटांवर ग्रहणस्नानाची गर्दी लोटली होती. त्याच वेळी शहराच्या दक्षिण टोकाला, बनारस हिंदू विद्यापीठात, तारेच्या वेटोळ्यांची एक अँटेना आकाशातला आवाज टिपत होती. अलाहाबाद आणि नैनिताल इथेही तशाच अँटेना चालू होत्या. स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेली ही यंत्रणा 2007 मध्ये या तीन ठिकाणी बसली. त्यातले अलाहाबादचे केंद्र पनवेलला मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे.

आवाज कसला? विजांचा. पृथ्वीवर कुठे ना कुठे वीज सतत कडाडत असते आणि प्रत्येक विजेतून रेडिओलहरी निघतात. त्यांचा मोठा हिस्सा 3 ते 30 किलोहर्ट्झ या अतिनिम्न पट्ट्यात आणि त्याच्या आसपास येतो. या लहरी जमीन आणि आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) यांच्यामधल्या पोकळीतून हजारो किलोमीटर जातात. रात्री मात्र एक मौज घडते. साधारण 1.7 किलोहर्ट्झच्या खालच्या लहरींना या पोकळीतून नेहमीच्या रीतीने पुढे सरकता येत नाही आणि त्या सीमेजवळच्या लहरी रेंगाळत, उशिरा पोचतात. हेडफोनमध्ये मग नुसता ‘कट्’ न येता पाखराच्या चिवचिवाटासारखा छोटा स्वर येतो. त्याला ‘ट्वीक’ म्हणतात.

या स्वरातून आकाशाचे छत, म्हणजे आयनांबराचा तळ, किती उंच ते मोजता येते. प्रकाशाचा वेग, सेकंदाला 3 लाख किलोमीटर, घ्यायचा आणि त्याला सीमेच्या वारंवारतेच्या दुपटीने भागायचे. 1,700 हर्ट्झला उत्तर येते सुमारे 88 किलोमीटर. विज्ञानात इतके सरळ गणित फार वेळा हाती लागत नाही!

दिवसा ट्वीक ऐकू येत नाहीत, कारण सूर्यप्रकाशाने आयनांबराचा तळ खाली येतो आणि या लहरी शोषून घेतो. ग्रहणाच्या त्या सकाळी मात्र, उजाडल्यानंतर, ते उमटले. सुरुवातीला परावर्तनाची उंची 89 किलोमीटरच्या आसपास होती, ती खग्रास अवस्थेत 91-92 पर्यंत चढली आणि सूर्य मोकळा होऊ लागला तशी पुन्हा उतरली. पूर्ण रात्र झाली नव्हती, पण सावलीने छत दोन-तीन किलोमीटर वर नेले होते.

विजेच्या काही लहरी तर आयनांबर भेदून वर निघतात आणि पृथ्वीच्या चुंबकीय रेषेला धरून दुसऱ्या गोलार्धात उतरतात. वाटेत उंच स्वर पुढे जातात, खालचे मागे पडतात, म्हणून जमिनीवर घसरती शीळ ऐकू येते. हाच ‘व्हिसलर’. त्याचा उलगडा 1953 मध्ये ओवेन स्टोरी यांनी केला आणि बनारसमध्ये 1960च्या दशकापासून त्यावर काम होत आले आहे. तिथून निघणारी चुंबकीय रेषा जेमतेम 500 किलोमीटर वर जाते आणि विषुववृत्तापलीकडे हिंदी महासागरात उतरते. इतक्या बुटक्या रेषेवरून शीळ येते कशी, हा अभ्यासकांचा जुना वाद. अलाहाबादच्या सुमारे वर्षभराच्या नोंदींनी बऱ्याच शिळांचा माग त्या समुद्रावरच्या विजांपर्यंत नेला.

हौशी रेडिओवाल्यांसाठी मात्र हाच विजांचा कडकडाट सगळ्यात मोठा अडथळा आहे. 2010 मध्ये जर्मनीतल्या एका हौशी प्रसारकाने पतंगाला टांगलेल्या तारेतून 8.97 किलोहर्ट्झवर संकेत पाठवला. तिथे तरंगलांबी 33 किलोमीटर, म्हणून पतंगाएवढी तार तिच्यापुढे नगण्य ठरते आणि अँटेनातून बाहेर पडते ती वॅटचा अगदी लहानसा अंश. तरीही 2014 मध्ये अमेरिकेतून असाच क्षीण संकेत अटलांटिक ओलांडून इंग्लंडला पोचला. युक्ती घड्याळाची आहे. दोन्ही टोकांची घड्याळे जीपीएसने जुळवायची आणि तासन्‌तासांच्या नोंदी एकावर एक रचायच्या. शंभरपट वेळ ऐकले, तर संकेत शंभरपट साठतो, गोंगाट दहापटच वाढतो. वीज चमकली की तेवढा क्षण कापून टाकायचा. काशीतले अभ्यासक नेमका तोच क्षण जपून ठेवतात.

मला वाटते, दूधविनायकातल्या एखाद्या विद्यार्थ्यानेही या पट्ट्यातले आवाज ऐकून पाहावेत. फार खर्च नाही. तामिळनाडूतल्या विजयनारायणम इथून नौदल पाणबुड्यांसाठी 18.2 किलोहर्ट्झवर प्रसारण करते. संगणकाचे साउंड कार्ड सेकंदाला 48 हजार नमुने घेत असेल, तर त्याला 24 किलोहर्ट्झपर्यंतचे सगळे, म्हणजे हे प्रसारणही, टिपता येते. वेगळा रेडिओ लागत नाही. लाकडी चौकटीवर तारेचे बरेच वेढे, एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणि वर्णपट दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर एवढे पुरते.

खरी अडचण घरातच आहे. घरगुती विजेच्या 50 हर्ट्झच्या गुणगुणीचे पडसाद या पट्ट्यात वरपर्यंत पोचतात आणि एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर त्यात भर घालतात. गेल्या दशकात जुन्या काशीतल्या बऱ्याच तारा जमिनीखाली गेल्या, तरी ही गुणगुण त्याने मिटत नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला न्यावी लागली होती. इथे तेवढे दूर जायला नको. होडीने गंगेपलीकडच्या रेतीवर जावे, लॅपटॉप बॅटरीवर चालवावा आणि वेटोळे फिरवत फिरवत गुणगुण सर्वांत कमी होईल ती दिशा धरावी. ट्वीक कोणत्याही मोकळ्या रात्री मिळतील. व्हिसलरसाठी हिवाळ्यातल्या रात्री निवडाव्यात आणि नोंद सलग चालू ठेवावी.